कापूस तोच, कमाईची जागा बदलली

"वऱ्हाडात आता कापसाच्या धंद्यात काही राहिले नाही," हे वाक्य अकोल्यात किंवा अमरावतीत कोणत्याही जुन्या दुकानावर घटकाभर बसले की कानावर पडते. पिंजारी म्हणतो, लोक गाद्या भरून घेत नाहीत. जिनिंगमधला मिस्त्री म्हणतो, नव्या यंत्राला जुना मिस्त्री चालत नाही. अडत्या म्हणतो, शेतकरी परस्पर जिनवर गाडी नेतो. तिघेही खरेच बोलतात. पण वऱ्हाडात कापूस पेरणे थांबलेले नाही, रुई निघणे थांबलेले नाही आणि माणसांनी अंथरुणावर झोपणेही सोडलेले नाही. मग धंदा गेला कुठे?

धंदा गेलेला नाही, कमाईची जागा सरकली आहे. एकाच मालात पैसा कधी वाहतुकीत असतो, कधी यंत्रात, कधी उरलेल्या चोथ्यात, तर कधी नुसत्या विश्वासात. जो जुन्या जागी बसून राहतो त्याला वाटते की धंदा बुडाला. जो उठून पाहतो त्याला नवी जागा दिसते. ती त्याला मिळेलच असे मात्र नाही. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांची रोजी पिढ्यान्‌पिढ्या कापसाशी बांधलेली आहे. म्हणून या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कमाईची जागा कशी कशी सरकली हे समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

एक लाख बैल आणि एक रेल्वे

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. मिर्झापूरच्या वाटेने तो गंगेपर्यंत आणि तिथून नावेने कलकत्त्याकडे पोहोचे. १८४२ साली एका व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एक लाख बैल म्हणजे किती हाकणारे, किती पखाली, किती गोणी, किती नालबंद, वाटेवर किती बाजार! त्या काळी कापसातला मोठा पैसा वाहतुकीत होता. बंजाऱ्यांचे तांडे हीच त्या वेळची मालगाडी होती.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसासाठी आसुसल्या. भाव चढत गेले. युद्ध संपताच ते असे कोसळले की मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या बसल्या. चढत्या भावाला कायमचा समजून ज्यांनी कर्जावर साठे केले होते ते बुडाले. मात्र त्या काही वर्षांत वऱ्हाडचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात पोहोचले. इथल्या कापसाला तिथे 'ऊमरावती' याच नावाने ओळखत.

१८६७ साली रेल्वे अकोला-बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. मुख्य मार्ग अमरावतीला बगल देऊन बडनेऱ्यावरून गेला, तेव्हा अमरावतीलाही शाखा जोडावी लागली, कारण रेल्वेपासून दूर राहिलेली पेठ टिकणार नव्हती. काही वर्षांतच लादणीच्या बैलांचा धंदा संपला. तो त्यांच्या आळसामुळे संपला नाही. बैलाच्या पायांना इंजिनाशी शर्यत करता येत नव्हती इतकेच.

पण रेल्वेने एक धंदा मारला तसे दहा धंदे उभे केले. कापूस वजनाला हलका आणि जागा खाणारा माल. सैल रुई डब्यात भरली तर भाडे परवडत नाही. म्हणून ती दाबून गठाण बांधणे आले आणि प्रेस आले. प्रेस स्टेशनाजवळ हवा, म्हणून स्टेशनाभोवती जिनिंग-प्रेसिंगच्या चाळी उभ्या राहिल्या. त्यांना बॉयलरवाला, फिटर, लोहार, सुतार, हमाल, मापारी आणि शेतातून स्टेशनापर्यंत माल आणणारे बंडीवाले लागले. पूर्वी लांबचा पल्ला मारणाऱ्याला पैसा मिळे, आता खेड्यापासून स्टेशनापर्यंतचा शेवटचा तुकडा जोडणाऱ्याला मिळू लागला. ज्यांनी लांबच्या वाटा सोडून हा छोटा तुकडा धरला ते टिकले.

या बदलाचा एक फटका मात्र कुणी हिशेबात धरला नाही. घराघरांत बाया रेच्यावर कापूस रेचून सरकी वेगळी करीत आणि त्यावर घरात चार पैसे येत. वाफेच्या जिनने ते काम एकदम हिसकावले. पुरुषाला जिनमध्ये मजुरी मिळाली, घरातल्या बाईची कमाई गेली. यंत्र आले की घरातल्या कोणाची रोजी जाते हा प्रश्न आजही विचारला पाहिजे.

टाकाऊ सरकीची किंमत

शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. थोडी घट जाते आणि बाकी साठ-पासष्ट किलो उरते ती सरकी. म्हणजे वजनाने पाहिले तर जिनमधून मुख्यतः सरकीच बाहेर पडते! एक काळ असा होता की ही सरकी ढोरांना घालावी, पेरणीला ठेवावी, याहून तिचा फारसा विचार होत नसे. नंतर घाणे आले, तेलगिरण्या आल्या, सरकीचे तेल शुद्ध करण्याची रीत आली. शंभर किलो सरकीतून साधारण दहा-बारा किलो तेल आणि उरलेली बहुतेक ढेप. दूधवाल्याला ढेपेवाचून चालत नाही. सरकीवरचे बारीक तूससुद्धा कागद आणि रसायनांच्या कारखान्यांना लागते.

या ढेपेला पुढे इतके महत्त्व आले की २००३ साली स्थापन झालेल्या एन.सी.डी.ई.एक्स. या वायदेबाजारात सरकीच्या ढेपेचा सौदा सुरू झाला, तेव्हा त्याला अकोल्याचे नाव जोडले गेले. ज्या वस्तूला आजोबांनी 'उरलेला माल' म्हटले तिचा भाव देशभरचे व्यापारी अकोल्याच्या नावाने विचारू लागले.

प्रत्येक कारागिराने आपल्या दुकानातला केर एकदा नीट पाहावा. शिंप्याच्या चिंध्या, सुताराचा भुसा, खाटकाकडचे कातडे आणि हाडे, पिंजाऱ्याच्या जुन्या गादीतली पिवळी पडलेली रुई. यांतले काय फुकट जाते आणि काय दुसरा कुणी आपल्याकडून मातीमोल उचलून नेतो? धंदा मंदावतो तेव्हा पुष्कळदा मुख्य मालातला नफा संपतो आणि उरलेल्या मालातला टिकून असतो.

तीस वर्षांची सावली

आता व्यापाऱ्यांकडे वळू. बाजाराला नियम लावण्यात वऱ्हाड देशात पहिला होता. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार सरकारी हुकमाने नियमाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हर्रास, काटा, अडत, दलाली या सगळ्यांची घडी तेव्हापासून बसली.

ही घडी १९७२ साली एका झटक्यात मोडली. महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारी यंत्रणाच घेणार, खाजगी व्यापाऱ्याला मनाई. योजनेचा हेतू शेतकऱ्याला हमखास भाव देण्याचा होता. पण ज्यांची पिढीजात रोजी कापसाच्या अडतीवर होती त्यांची गादी एका हंगामात रिकामी झाली. काहींनी तूर, मूग, तेलबिया धरल्या. अकोला दालमिलसाठी नावारूपास आले आहे, आणि डाळ-तेलाच्या पेठेने कापसातून मोकळ्या झालेल्या अनेकांना थारा दिला. काही जण वर्षानुवर्षे 'योजना आज जाईल, उद्या जाईल' म्हणत बसून राहिले. योजना गेली, पण तिला जायला तीस वर्षे लागली. २००२-०३ च्या हंगामात खाजगी खरेदी पुन्हा मोकळी झाली, तोवर वाट पाहणाऱ्यांची एक पिढी सरली होती.

जिनिंगवाल्यांची गोष्ट याच्या उलट. त्यांना धंदा गमवावा लागला नाही. सरकारचा कापूस रेचून द्यायचा आणि ठरलेला मेहनताना घ्यायचा. माल विकण्याची चिंता नाही, भावाची जोखीम नाही. पण रुई स्वच्छ काढली काय आणि कचऱ्यासकट काढली काय, मेहनताना तोच. मग नवे यंत्र कशाला घ्यायचे? परिणाम असा झाला की वर्षानुवर्षे जुन्याच यंत्रांवर काम चालले. भारतीय कापसाच्या गठाणीत सुतळी, पिशवीचे धागे, केस, पिसे सापडतात म्हणून जगभरच्या गिरण्यांत त्याची बदनामी झाली. केंद्र सरकारने २००० साली कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू करून जिनिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले, तेव्हा ज्यांनी हात पुढे केला ते तरले. ज्यांना ठरलेल्या मेहनतान्याची सवय जडली होती ते मागे पडले.

धंदा मोडणारे संकट सगळ्यांना दिसते. हमखास उत्पन्न मात्र गुंगी आणते आणि त्या गुंगीत शेजारी किती पुढे गेला हे कळत नाही. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच कंत्राटावर, एकाच शेठच्या मालावर ज्यांचे दुकान चालते त्यांनी हे मनावर घ्यावे.

मिस्त्रीची बोटे आणि मशीनचे आकडे

जिनमधला फिटर हा मोठा हुन्नरबंद माणूस. कातड्याच्या रोलरवर खाचा पाडणे, सुरी आणि रोलर यांच्यातले अंतर कानाने आणि बोटाने जुळवणे, ही कला उस्तादाच्या हाताखाली वर्षे घालवूनच यायची. रोलरच्या कातड्याचाही एक वेगळा व्यापार होता.

पण त्या कातड्याला क्रोमचा मसाला असे. रोलर झिजला की त्याची भुकटी रुईत मिसळे आणि गिरणीतले कामगार व पुढे कापड यांना ते घातक ठरे. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे 'सिरकॉट'ने, क्रोम नसलेल्या रोलरचा पाठपुरावा केला. रबर लावलेल्या सुती कापडाचे रोलर आले. त्यांना वारंवार खाचा पाडाव्या लागत नाहीत. यंत्रांचा वेगही वाढला. जुना डबल रोलर जिन तासाला चाळीस-पन्नास किलो रुई काढी, नवे मोठे यंत्र शंभर किलोच्या आसपास काढते. कापूस डोक्यावरून वाहण्याऐवजी हवेच्या नळीतून जाऊ लागला. ग्रेडर रुईचा तंतू चिमटीत ताणून लांबी सांगत असे, आता प्रयोगशाळेतले यंत्र लांबी, मजबुती, जाडी आणि कचरा आकड्यांत छापून देते.

या ठिकाणी दोन तऱ्हेचे मिस्त्री दिसतात. पहिला म्हणतो, "आमच्या बोटात जे होते ते या मशीनला काय कळणार?" बोलणे बरोबर, पण त्यावर पगार मिळत नाही. दुसरा बोटातले ज्ञान घेऊन नव्या यंत्राजवळ जातो. रुईत सरकीचे तुकडे का येत आहेत, पट्टा का सरकतो, कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे त्याला आधीच ठाऊक असते. त्याला फक्त नवी नावे आणि विजेचा भाग शिकायचा असतो. सिरकॉटचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. वऱ्हाडच्या तरुण फिटरांनी तिथल्या वर्गांची चौकशी अवश्य करावी. उस्तादाकडची शागिर्दी आणि हातातला दाखला या दोन्ही गोष्टी असलेला माणूस जिनवाल्याला शोधूनही सापडत नाही.

पिंजाऱ्याची तात का थांबली

आता त्या धंद्याकडे येऊ ज्याचे दुःख सर्वांत जवळचे आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात बहना, पिंजारी, धुनिया या नावांनी ज्या समाजाची नोंद आहे त्याचे मुख्य साधन म्हणजे पिंजण. छताला टांगलेली लांब कमान, तिला ताणलेली तात आणि तिच्यावर आपटायचा लाकडी दस्ता. तातेचा तो घुमणारा आवाज ऐकू आला की मोहल्ल्यातल्या बाया जुन्या गाद्या बाहेर काढीत.

पिंजण गेले आणि विजेवरचे पिंजाई यंत्र आले. हा पहिला बदल बहुतेकांनी पचवला. अर्धा दिवस खाणारे काम थोड्या वेळात होऊ लागले. दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, फक्त हत्यार बदलले.

दुसरा बदल मात्र हत्याराचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता, आणि तिथेच चूक झाली. फोमच्या आणि काथ्याच्या तयार गाद्या शहरांतून तालुक्यांत आणि तालुक्यांतून खेड्यांत आल्या. घरातली अंथरुणे सकाळी गुंडाळून ठेवायची रीत गेली, दिवसरात्र मांडलेला पलंग आला. फ्लॅटच्या गच्चीवर गादीला ऊन दाखवणे गैरसोयीचे झाले. कापसाचे वाणही बदलले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत तो सर्वत्र पसरला. जाड आणि आखूड धाग्याचा देशी कापूस गादीला उत्तम, तो मिळेनासा झाला. लांब धाग्याची रुई गिरणीच्या भावाने घेऊन गादीत भरणे परवडेना. तयार गाद्यांचा धंदा किती मोठा झाला याचा अंदाज यावरून येईल की २०२३ साली 'स्लीपवेल'वाल्या शीला फोम कंपनीने 'कर्लऑन' ही दुसरी मोठी कंपनीच विकत घेतली. मोहल्ल्यातला पिंजारी आता कोपऱ्यावरच्या दुसऱ्या पिंजाऱ्याशी स्पर्धा करत नाही, तो देशभर जाहिरात करणाऱ्या कंपनीशी स्पर्धा करतो.

पण नीट पाहा. पिंजारी खरे तर गाद्या विकत नव्हता. तो दर दोन-तीन वर्षांनी घरी येऊन दबलेली गादी पुन्हा फुलवून देत होता. त्याचा धंदा सेवेचा होता. फोमची गादी एकदा विकली की कंपनी गिऱ्हाइकाकडे वळून पाहत नाही. ती बसकी होते, खोळ मळते, पाऊस लागतो, डाग पडतो. ती उचलून नेणारा, दुरुस्त करणारा, खोळ शिवून देणारा, मोजमापाने कापून देणारा कोण? सोफ्याचा फोम बदलणारा कोण? वसतिगृहे, दवाखाने, मंगल कार्यालये यांच्या शेकडो गाद्या-उशांची निगा कोण ठेवतो? बिछायतीचा धंदा हा पिंजाऱ्याच्या घराशेजारचाच धंदा आहे, कारण गादी-लोड-उशीचा माल तो स्वतः बनवू शकतो, दुसऱ्याला विकत घ्यावा लागतो. आणि ज्यांना पाठदुखीमुळे किंवा उकाड्यामुळे पुन्हा कापसाचीच गादी हवी आहे असे गिऱ्हाईक आजही आहे. ते पूर्वीपेक्षा थोडे आहे, पण चांगला पैसा देणारे आहे. त्याला शुद्ध कापसाची खात्री हवी असते. गादीत काय भरले ते डोळ्यांसमोर दाखवणारा प्रामाणिक कारागीर त्याला कंपनीत मिळत नाही, तो मोहल्ल्यातच मिळतो.

मालेगाव आणि अचलपूरचा धडा

यंत्र घेतले म्हणजे प्रश्न सुटला असेही समजू नये. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमागाची पेठ उभी केली. १९३० च्या दशकात वीज आली तसे त्यांनी यंत्रमाग आणले आणि ते गाव यंत्रमागाची मोठी पेठ झाले. वेळेवर बदलण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण पुढे अनेकांनी साधे, पुष्कळदा जुने माग घेऊन एकाच तऱ्हेच्या स्वस्त कच्च्या कापडावर भर दिला. धोट्याविना चालणारे वेगवान माग इतरत्र आले तेव्हा भावात टिकणे कठीण झाले.

अचलपूरचे उदाहरण आणखी बोलके आहे. तिथली एन.टी.सी.ची फिनले मिल आधुनिक यंत्रांसह उभी राहिली होती. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि कामगारांच्या घरांवर संकट आले. यंत्र नवे होते, पण चालवण्याचे निर्णय दूरच्या कार्यालयात होते. ज्याच्या हाती निर्णय नाही त्याला केवळ यंत्र वाचवत नाही.

आता कापसाचा भावही दूर ठरतो. केंद्राने २०२१ साली परदेशी कापसावर एकूण ११ टक्के आयातशुल्क लावले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केले आणि मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नव्या हंगामाचा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर हा निर्णय झाला. वऱ्हाडातल्या जिनवाल्याने त्या आठवड्यात किती खरेदी करायची हे ब्राझील आणि अमेरिकेच्या कापसाकडे पाहून ठरवणे भाग पडले. १८६१ साली अमेरिकेतल्या युद्धाने अमरावतीचा भाव हलवला होता, आजही तसेच चालू आहे. फरक एवढाच की बातमी तेव्हा महिन्याने येई, आता खिशातल्या फोनवर येते. जो वाचतो त्याला ती उपयोगी पडते.

मग करावे काय?

१) आपण काय विकतो ते ओळखा. वस्तूचे नाव सांगू नका, गिऱ्हाइकाची गरज सांगा. शिंपी कपडा शिवत नाही, तो अंगाला बेतशीर बसणे विकतो. तयार कपडे आल्यावर शिलाई घटली, पण अल्टरेशन वाढले ते याचसाठी.

२) चाहूल कुठे लागते ते पाहा. बदल आधी दुकानात दिसत नाही, कडेकडेने दिसतो. यंत्राचे सुटे भाग मिळेनासे होणे, नवा शागिर्द न येणे, तरुण गिऱ्हाईक घटून फक्त म्हातारे उरणे, मोठ्या शहरातल्या त्याच धंद्याच्या दुकानाने पाटी बदलणे. यांतली दोन लक्षणे दिसली की जागे व्हावे.

३) यंत्र घेण्यापूर्वी हिशेब मांडा. समजा, पिंजाई यंत्र ७५,००० रुपयांना पडते. एका गादीमागे १५० रुपये मिळतात, वीज, पट्टा, मजुरी जाऊन ६० रुपये उरतात. म्हणजे यंत्राची किंमत वसूल व्हायला १,२५० गाद्या हव्यात. वर्षाला ५०० गाद्या येत असतील तर अडीच वर्षे. पण गिऱ्हाईक दरवर्षी पाचव्या हिश्शाने घटत असेल तर ५००, ४००, ३२० मिळून तीन वर्षांत १,२२० च होतात. आणि दरवर्षी निम्म्याने घटत असेल तर ५००, २५०, १२५ असे कितीही वर्षे जोडत गेलात तरी बेरीज १,००० च्या पुढे जात नाही, म्हणजे ते यंत्र कधीच फिटत नाही. यंत्राची किंमत सगळेच विचारतात. गिऱ्हाईक वाढते आहे की घटते आहे हे आधी विचारावे. मागच्या तीन वर्षांची वही काढली की उत्तर मिळते. वही नसेल तर आजपासून ठेवा.

४) जुने एकदम सोडू नका. जुन्या धंद्याची कमाई चालू आहे तोवरच नव्याचा एक कोपरा मांडा. दुकान बंद पडल्यावर शिकायला वेळ असतो, पण पैसा नसतो.

५) एकट्याने ओझे उचलू नका. चार कारागिरांनी भागीदारीत एक यंत्र घेतले तर व्याजाचा आणि जोखमीचा भार हलका होतो. पण भागीदारी भावाशी असली तरी लिहून ठेवा. कुणाचा पैसा किती, मेहनत कुणाची, वाटणी कशी, एकजण बाहेर पडला तर काय.

६) सरकारी योजनांचे वाचन करा. १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी, लोहार, सुतार, कुलूप दुरुस्त करणारे, गवंडी, चांभार यांचा समावेश आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि कमी दराचे कर्ज अशा सवलती आहेत. या मूळ यादीत पिंजारी नाही. तो त्यात यावा ही मागणी समाजाच्या संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे.

७) नवी दारे ठोठवा. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला २० सप्टेंबर २०२४ रोजी बसली. अशा ठिकाणी मोठे कारखाने येतात तेव्हा त्यांना शिलाई, फिटिंग, विजेचे काम, वाहतूक, खानावळ, दुरुस्ती असे शेकडो हात लागतात. ते हात बाहेरून येण्यापूर्वी आपल्या मुलामुलींनी आय.टी.आय.चा रस्ता धरावा. वडिलांच्या दुकानात संध्याकाळी दोन तास बसून हिशेब लिहिणारा मुलगा शाळेतही पुढे जातो आणि धंद्यातही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक धंदा वाचवता येत नाही. लादणीचे बैल परत आले नाहीत, रेचा परत आला नाही. एखाद्या वृद्ध कारागिराला "बदला" असे सांगणे सोपे आहे, पण साठाव्या वर्षी नवे शिकणे त्याला जड जाते. अशा वेळी त्याच्या मुलाने धंदा बदलावा आणि बापाच्या हातातला हुन्नर नव्या धंद्यात कुठे लागेल ते शोधावे. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडून एखादी उशी तरी भरून घ्यावी.

दुकानाला कुलूप लावताना 'जमाना खराब आला' म्हणणारे खूप असतात. जमाना मात्र कापसासारखा आहे. दाबला तर गठाण होते, पिंजला तर गादी होते आणि टाकून दिला तर वाऱ्यावर उडून जातो. आज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी वही उघडून तीन वर्षांपूर्वीचे आजचेच पान काढा. तेव्हा कोण गिऱ्हाईक आले होते, काय घेऊन गेले आणि आज का आले नाही, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारा. पुढची वाट त्या उत्तरांतून निघेल.